फिशिंग कयाकवर अ‍ॅक्सेसरी ट्रॅक बसवायचे आहेत : आपल्या उन्हात कोणती जोडणी टिकेल?

गरीवाला (पवनी)

नमस्कार मंडळी. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात गरीने मासे धरण्यासाठी मी एक वापरलेली, दहा फुटी, वर बसायची प्लास्टिकची कयाक (वल्ह्याने चालवायची लहान अरुंद नाव) घेतली आहे. ती मुळात सहलीला आलेल्या लोकांना फिरवण्यासाठी होती, त्यामुळे तिच्यावर रॉड ठेवायला एकही जागा नाही. वल्हे मारायचे म्हटले की रॉड दोन पायांच्या मधे आडवा पडतो, आणि बुडीत झाडांच्या खुंटांमधून जाताना त्याचे टोक कुठे ना कुठे अडकतेच.

माझा विचार असा आहे की आसनाच्या दोन्ही बाजूंच्या कडांवर अ‍ॅल्युमिनियमचे स्लाइड ट्रॅक बसवावेत आणि त्यांवर रॉड होल्डर, फिशफाइंडर (ध्वनिलहरींनी पाण्याची खोली व मासे दाखवणारे यंत्र) व मोबाइलचा स्टँड हवा तसा पुढे-मागे सरकवता यावा. प्रत्येक बाजूला ६० सेंटिमीटरची एकच अखंड पट्टी घ्यावी, असे मनात आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये कोणी पॉप रिव्हेट (बाहेरूनच मारायची, आत गाठ होणारी खिळी) मारतो, कोणी नट-बोल्ट लावतो, कोणी थेट स्क्रू पिळून मोकळा होतो, आणि प्रत्येक जण आपलीच रीत खरी असे सांगतो. एकदा छिद्र पाडले की ते बुजवणे कठीण, म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी येथे विचारत आहे. बाहेरून मागवलेले ट्रॅक महाग पडतात, तेव्हा आपल्याकडे काही पर्याय असल्यास तोही सांगावा.

इटियाडोहकाठ (अर्जुनी मोरगाव)

भाऊ, जोडणीच्या आधी जागा ठरवा. ट्रॅक दुकानात किंवा अंगणात बसून ठरवू नयेत. कयाक पाण्यात उतरवा, नेहमीच्या सामानासह बसा, कडेवर चिकटपट्टी लावून मार्करने खुणा करा आणि मग काही वेळ नुसते वल्हे मारा. वल्ह्याचा दांडा आणि हाताची बोटे जिथून जातात, तो पट्टा पूर्णपणे मोकळा राहिला पाहिजे. बहुतेक लोक ट्रॅक गुडघ्याच्या रेषेत बसवतात आणि मग रॉड होल्डर तिथे उभा केला की प्रत्येक फटक्याला बोटांची सालपटे निघतात. पुढचा होल्डर गुडघ्याच्या पुढे, पण हात लांबवून न वाकता पोहोचेल एवढ्याच अंतरावर असावा. मागचा होल्डर आसनाच्या पाठीमागे, मान वळवून दिसेल असा असावा.

दुसरी गोष्ट म्हणजे आत हात पोहोचतो का, हे पाहा. वर बसायच्या कयाकचे पोट बंद असते. झाकण असलेल्या जागेतून हात घालून, ठरवलेल्या प्रत्येक छिद्राच्या खाली बोट टेकते का, तिथे फोमचा ठोकळा किंवा पाणी निचरा होण्याची नळी आडवी आहे का, हे चाचपून घ्या. हात पोहोचत असेल तर नट-बोल्टशिवाय दुसरा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्क्रू तर विसराच. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या मऊ प्लास्टिकमध्ये स्क्रूचे दोन-तीन आटेच बसतात, आणि ते एका चांगल्या मरळीच्या झटक्यात उपटून येतात.

बेंबळाकर (यवतमाळ)

वरील प्रतिसादाशी अर्धाच सहमत आहे. झाकण पुढच्या टोकाला आणि ट्रॅकची जागा मधोमध, अशी स्थिती बहुतेक कयाकींमध्ये असते, म्हणजे आत हात पोहोचतच नाही. अशा वेळी लोक घाबरून मधेच एक नवे मोठे झाकण कापून बसवतात आणि चार बारीक छिद्रे टाळण्यासाठी एक भले मोठे भोक पाडून घेतात. त्यापेक्षा रिव्हेट बरे.

मात्र रिव्हेट कोणता, यात सगळे आहे. पत्र्याच्या पेटीला मारतात तो साधा पॉप रिव्हेट येथे चालत नाही, कारण त्याची आतली गाठ लहान असते आणि ताण आला की ती मऊ प्लास्टिकमधून ओढली जाते. कयाकसाठी ४.८ मिलिमीटरचे, आत गेल्यावर तीन पाय पसरणारे अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट मिळतात. ते पाय फुलासारखे उघडून प्लास्टिकला खालून मोठ्या क्षेत्रावर धरतात. त्यांच्या डोक्याखाली रबराची चकती असली तर उत्तमच. माझ्या कयाकवर मागचे दोन्ही ट्रॅक असेच आहेत आणि ते हललेले नाहीत.

जुना फिटर (ब्रह्मपुरी)

मी कयाकवाला नव्हे, पण प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्यांना नळ जोडण्यात आयुष्य गेले आहे, म्हणून चार शब्द लिहितो. आपली कयाक आणि घरावरची काळी टाकी एकाच पद्धतीने तयार होतात. साच्यात पॉलिइथिलीनची भुकटी टाकून तो साचा फिरवत तापवतात आणि वितळलेले प्लास्टिक आतून चिकटत जाते. त्यामुळे जाडी सगळीकडे सारखी येत नाही. सपाट भागाची जाडी कोपऱ्यावर राहीलच, असे धरून चालू नये. पहिले छिद्र पाडल्यावर त्यात वाकवलेली तार घालून जाडी मोजा आणि मगच बोल्टची किंवा रिव्हेटची लांबी ठरवा.

या प्लास्टिकला काही चिकटत नाही. टाकीला सिलिकॉन फासून गळती थांबवायला निघालेले किती तरी लोक मी पाहिले आहेत. महिनाभरात ते सिलिकॉन सायीसारखे अखंड निघून येते. टाकीच्या जोडणीत पाणी अडवतो तो दोन्ही बाजूंनी दाबला गेलेला रबराचा वायसर. येथेही तेच करावे. ट्रॅकच्या खाली पूर्ण लांबीची ईपीडीएम रबराची पट्टी किंवा बुटाइल टेप द्यावी आणि आतून रबराचा वायसर, त्यावर रुंद स्टीलचा वायसर, मग नट, असा क्रम ठेवावा. सिलिकॉन लावायचेच असेल तर फट भरणारा लगदा म्हणून लावा, चिकटवणारा पदार्थ म्हणून नव्हे.

आता मुख्य मुद्दा, जो परदेशी व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे आपल्यासारखा मे महिना नसतो. पॉलिइथिलीनचा एक मीटर लांबीचा तुकडा एक अंशाने तापला की साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर वाढतो. अ‍ॅल्युमिनियम तेवढ्याच तापमानवाढीला फक्त ०.०२३ मिलिमीटर वाढते. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास असतो आणि मे महिन्यात तो ४५ च्या पुढे जातो. उन्हात पालथी पडलेली गडद रंगाची कयाक तर ६० अंशांपर्यंत सहज तापते. म्हणजे ५० अंशांचा फरक झाला. गरीवाला भाऊ, आपल्या ६० सेंटिमीटरच्या पट्टीखालचे प्लास्टिक तेवढ्यात साडेचार मिलिमीटरच्या जवळपास वाढेल आणि वरची पट्टी पाऊण मिलिमीटरसुद्धा वाढणार नाही. मधला साडेतीन-चार मिलिमीटरचा फरक कुठे जाणार? एक तर प्लास्टिक दोन बोल्टांच्या मधे फुगून उठेल, नाही तर टोकाच्या बोल्टांची छिद्रे लांबट होत जातील आणि एखाद्या हिवाळ्यात तिथून बारीक चीर निघेल. घट्ट मारलेल्या रिव्हेटला सरकायला जागाच नसते, म्हणून लांब पट्टीवर रिव्हेट मला पटत नाहीत.

यावर उपाय सोपा आहे. एका लांब पट्टीऐवजी २० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या, मधे बोटभर अंतर ठेवून बसवा. तेवढ्या पट्टीत फरक सव्वा मिलिमीटरवर येतो आणि मधला बोल्ट घट्ट धरला तर प्रत्येक टोकाला अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक एवढाच उरतो.

गरीवाला (पवनी)

फिटरकाका, आकडे वाचून ६० सेंटिमीटरचा विचार सोडला. टोकाकडे तो अर्धा मिलिमीटरही सामावून घ्यायचा असेल, तर ट्रॅकची टोकाची छिद्रे कानशीने थोडी लांबट करून घ्यावीत का?

सेक्शनवाला (वडसा)

ट्रॅकची छिद्रे लांबट करू नका. ट्रॅकमध्ये बोल्टचे डोके खोलगट खाचेत बसलेले असते, कारण वरून टी-बोल्ट (होल्डर धरणारा, टी आकाराचा बोल्ट) सरकत जायला हवा. ती खाच उतरती असते. बोल्ट आवळला की उतरते डोके आपोआप मध्यावर येऊन बसते आणि लांबट छिद्राचा काहीच उपयोग होत नाही. ढिलाई द्यायची ती प्लास्टिकमध्ये द्या. बोल्ट पाच मिलिमीटरचा असेल तर मधल्या बोल्टाचे छिद्र साडेपाचचे आणि टोकांची साडेसहाची ठेवा. वर रबराची पट्टी आणि खाली रबराचा वायसर असल्यामुळे त्या ढिलाईतून पाणी जात नाही आणि बोल्टला दोन्हीकडे पाऊण-पाऊण मिलिमीटर सरकायला मिळते. फिटरकाकांच्या हिशेबात ते बसते.

पर्यायाबद्दल विचारलेत म्हणून सांगतो. माझे काम खिडक्यांचे सेक्शन आणि सोलरच्या चौकटींचे आहे. टिनाच्या छपरावर सोलर पॅनेल बसवताना अ‍ॅल्युमिनियमची आखूड मिनी रेल वापरतात. तिच्या तळाला ईपीडीएमची पट्टी आधीच चिकटवलेली असते आणि वर नट सरकवायची खाच असते. सोलर लावणाऱ्यांकडे तिचे उरलेले तुकडे पडून असतात. कयाकसाठी घ्यायची असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, त्या खाचेत सहसा आठ मिलिमीटरचे बोल्ट चालतात, म्हणून कयाकच्या होल्डरसोबत येणारा पाव इंची टी-बोल्ट तिथे नुसता फिरत राहतो. त्यासाठी तीन मिलिमीटरच्या स्टेनलेस पट्टीचा खाचेच्या रुंदीचा तुकडा कापून, त्याला टॅपने सहा मिलिमीटरचे आटे पाडून सरकता नट करावा लागतो. दोन, रेलची उंची जास्त असते आणि कापलेल्या कडा पात्यासारख्या असतात. कानस मारून कडा गोल केल्या तरी उंची राहतेच.

माझ्या धंद्याचे नुकसान करून सांगतो, पुढच्या बाजूला, जिथे वल्ह्याचा हात फिरतो, तिथे खरा बुटका कयाक ट्रॅकच घ्या. आसनामागे मिनी रेल खुशाल लावा. खिडकीचा स्लायडिंग सेक्शन मात्र कोणी फुकट दिला तरी लावू नका. त्याची भिंत इतकी पातळ असते की टी-बोल्ट आवळला की ओठ वर उचलले जातात.

इटियाडोहकाठ (अर्जुनी मोरगाव)

नटाखाली रुंद वायसर का हवा, याचा हिशेब मांडतो. समजा, रॉड होल्डरमध्ये आहे, रॉडचे टोक होल्डरपासून दीड मीटर पुढे आहे आणि रीलचा ड्रॅग (ठरावीक ओढीनंतर दोर सुटू देणारा ब्रेक) तीन किलोवर ठेवला आहे. मासा ओढू लागला की होल्डरच्या बुडाशी साडेचार किलोग्रॅम-मीटरचा पीळ येतो. तो पीळ धरणाऱ्या दोन बोल्टांमध्ये दहा सेंटिमीटर अंतर असेल, तर एका बोल्टवर ४५ किलोची वर उपटणारी ओढ बसते. गोसीखुर्दमध्ये गळाला मासा नव्हे, पाण्याखालचा खुंट लागला, तर ड्रॅग सुटेपर्यंत तेवढीच ओढ सतत राहते. म्हणून साध्या चिमुकल्या वायसरवर विसंबू नका. जमल्यास आत एक सलग पट्टी द्या. स्वयंपाकघरातील भाजी चिरण्याच्या जाड प्लास्टिक पाटाचा तुकडा यासाठी उत्तम, कारण तोही बहुधा पॉलिइथिलीनचाच असतो आणि कयाकबरोबरच फुगतो-आकसतो.

बोल्ट आणि नट ३०४ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्यावेत. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस एकत्र आले की खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते, ही तक्रार समुद्रावरची आहे. आपल्या गोड्या पाण्यात तो त्रास नगण्य असतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न फिरणारा) चढवण्याआधी आट्यांना थोडे ग्रीस लावा, नाही तर स्टेनलेसवर स्टेनलेस जाम होते आणि मग बोल्ट कापावाच लागतो.

एक सूचना फार कमी लोक पाळतात. नट पहिल्याच दिवशी पिळून टाकू नये. पॉलिइथिलीन सततच्या दाबाखाली हळूहळू दबत जाते, त्यामुळे नायलॉक नट जागचा न हलताही जोडणी सैल होते. रबर किंचित फुगून बाहेर दिसेल इतकेच आवळा आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाना लावा.

तळ्याकाठची (सिंदेवाही)

चर्चा वाचून एक शंका आली. छिद्रे पाडायलाच हवीत का? सहलीसाठी बनलेल्या बऱ्याच कयाकींना आसनाचे पट्टे आणि हँडल अडकवण्यासाठी साच्यातच बसवलेले पितळी आट्यांचे तुकडे असतात. गरीवाला दादा, आपल्या कयाकला ते आहेत का, हे एकदा पाहावे. मी आसनामागे अशा चार जागांवर एक फळी बोल्टने बसवली आहे आणि ट्रॅक त्या फळीवर आहेत. कयाकला एकही नवे छिद्र नाही. ट्रॅक चुकीच्या जागी वाटला तर फळी बदलता येते. फळीसाठी साधे प्लायवुड घेऊ नये. पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात.

याला मर्यादाही आहे. पुढच्या बाजूला असे आटे क्वचितच असतात, त्यामुळे फिशफाइंडरसाठी शेवटी ड्रिल लागेलच. आणखी एक गोष्ट, जी जागेशीच निगडित आहे. आमच्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या मंडळींचे शिंगाड्याचे वेल पसरलेले असतात. कडेबाहेर काहीही लोंबत असेल तर ते वेलात अडकते, वेल तुटतो आणि ज्याचा शिंगाडा तुटला तो रास्तपणेच चिडतो. म्हणून माझे सगळे ट्रॅक कडेच्या आत, तळवाभर अंतर सोडून आहेत. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यामुळे गरी टाकण्याआधी त्यांना विचारणे तर आलेच.

बेंबळाकर (यवतमाळ)

फिटरकाकांचा उन्हाचा मुद्दा मान्य आहे, पण माझे मागचे ट्रॅक आखूड आहेत आणि कयाक बाराही महिने गोठ्याच्या छपराखाली असते, म्हणून ते टिकले असावेत. तेव्हा आखूड पट्टी, सावलीतली ठेवण आणि हात न पोहोचणारी जागा या तिन्ही गोष्टी असतील, तर तीन पायांचा रिव्हेट चालतो, एवढ्यावर मी ठाम आहे.

रबरी नटांचा, म्हणजे ज्या रबराच्या नळीत पितळी नट असतो आणि बोल्ट पिळला की ती नळी आत फुगते, त्यांचा उल्लेख अजून कोणी केला नाही. हात पोहोचत नसेल तेव्हा तेही वापरतात. त्यांना नऊ-दहा मिलिमीटरचे छिद्र लागते आणि त्यांची रबरी कॉलर ट्रॅकखाली येऊन पट्टी सपाट बसू देत नाही. कॉलर प्लास्टिकमध्ये थोडी खोलगट बसवावी लागते. मोबाइलच्या स्टँडसाठी ठीक, पण रॉड होल्डरसाठी मी ते लावणार नाही.

जुना फिटर (ब्रह्मपुरी)

ड्रिल करताना घाई नको. ट्रॅक स्वतःच साचा म्हणून वापरा. आधी मधले छिद्र पाडा, बोल्ट घालून पट्टी धरा, मग टोकांच्या खुणा करा. तिन्ही खुणा एकदम करून मग छिद्रे पाडली तर एक तरी वाकडे जाते. सुरुवात तीन मिलिमीटरच्या बिटने, हळू वेगाने करावी. वेग वाढला की प्लास्टिक कापले न जाता वितळते आणि बिटला गुंडाळी होते. छिद्राच्या कडेचे कूस ब्लेडने काढून टाका, कारण चीर निघते ती अशाच खरबरीत कडेपासून. हे काम सकाळच्या सावलीत करा. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या कयाकवर मोजून पाडलेली छिद्रे हिवाळ्यात जागेवर राहत नाहीत.

गळती तपासायला पाण्यात जायची गरज नाही. सकाळी गार असताना सगळी झाकणे आणि बूच घट्ट लावा, बोल्टांवर साबणाचे पाणी सोडा आणि कयाक उन्हात ठेवा. आतली हवा तापून फुगते आणि जिथे फट असेल तिथे बुडबुडे येतात. तपासणी झाली की बूच लगेच सैल करा. बूच लावलेली कयाक दिवसभर उन्हात ठेवू नये, पोट फुगून आकार बिघडतो.

गरीवाला (पवनी)

सर्वांचे मनापासून आभार. आज कयाक उलटीपालटी करून पाहिली. ताईंनी सांगितलेले पितळी आटे आसनामागे खरोखरच आहेत, त्यामुळे मागे फळी आणि मिनी रेल. पुढे प्रत्येक बाजूला २० सेंटिमीटरचा एकेक बुटका ट्रॅक, तीन-तीन बोल्ट, खाली रबर आणि आत पाटाची पट्टी. झाकणातून हात घातल्यावर उजव्या बाजूचे शेवटचे छिद्र बोटाच्या टोकापर्यंतच येते, पण नट चिकटपट्टीने पान्याला लावून तो पोहोचवता येईल असे वाटते.

एक प्रश्न राहिला. फिशफाइंडरचा पडदा ट्रॅकवर बसेल, पण ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी सोडणारा व टिपणारा त्याचा भाग) पाण्यात सोडायला ट्रॅकवरून खाली जाणारा दांडा लावावा की तो आतून तळाला बसवावा? आणि बॅटरीचे काय?

तळ्याकाठची (सिंदेवाही)

आतून बसवा. कयाकचा तळ एकाच थराचा, फोम नसलेला असेल तर ध्वनिलहरी प्लास्टिकमधून आरपार जातात. ट्रान्सड्यूसर आणि तळ यांच्यामध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये, म्हणून तो ग्रीसच्या किंवा न सुकणाऱ्या पुटीच्या जाड थरात दाबून बसवतात. त्यात दोन उणिवा आहेत. पाण्याचे तापमान खरे दिसत नाही, आणि तळाचे छायाचित्रासारखे दृश्य दाखवणारी यंत्रे प्लास्टिकमधून धूसर होतात. खोली आणि मासे दाखवणाऱ्या साध्या यंत्राला अडचण येत नाही. दांड्यावर लावले तर चित्र स्वच्छ मिळते, मात्र आपल्या पाण्यातल्या खुंटांचा आणि वेलांचा विचार करता तो दांडा प्रत्येक वेळी वर-खाली करावा लागेल आणि पुढच्या ट्रॅकवर आडवा ताण येईल तो वेगळाच.

बॅटरीसाठी वेगळा खर्च करू नका. कपाशीवर फवारणी करायच्या पाठीवरच्या पंपात जी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते, तीच चालते. लहान फिशफाइंडर पाव अँपिअरच्या आसपास विजेवर चालतो, त्यामुळे दिवसभराचे काम सहज होते. फवारणीचा हंगाम सुरू झाला की घरात तिच्यावरून भांडण होईल, तेवढे सांभाळा. बॅटरी आसनामागे, तळाशी आणि बांधून ठेवा, वर ट्रॅकवर नको. वायरीत एक अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ टाका आणि वायर आत नेण्यासाठी नवे छिद्र पाडण्याआधी झाकणाच्या रबराखालून ती दबून जाते का, हे बघा.